अंगणातला ऑर्गन

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या कस्टर काउंटीत, १८८० नंतरच्या दशकात, काढलेले एक छायाचित्र आहे. गुरांच्या मोकळ्या आवारात हिल्टन आडनावाचे एक शेतकरी कुटुंब उभे आहे. आई-वडील, मुले, मागे जनावरे, त्यामागे उघडेबोडके माळरान. आणि या सगळ्यांच्या मधोमध, पायाखाली माती असलेला, एक नक्षीदार लाकडी ऑर्गन. पायाने भाता हलवायचा तो ऑर्गन. आपल्या संगीत नाटकांच्या रंगमंचापुढे ज्याचे सूर कैक वर्षे घुमत राहिले, त्याच जातीचा. गुरांच्या शेणामुताच्या जागी हे वाद्य काय करते आहे, असा प्रश्न चित्र पाहणाऱ्याला पडल्याखेरीज राहत नाही.

उत्तर छायाचित्रकाराच्या टिपणात सापडते. हिल्टनबाईंना आपले मातीचे घर पूर्वेकडच्या नातलगांना, मित्रमंडळींना दिसू द्यायचे नव्हते. मात्र आपल्या घरी ऑर्गन आहे, हे आई आणि मुलगी दोघींनाही त्यांना दाखवायचे होते. घर टाळायचे आणि घरातली वस्तू दाखवायची, हे एकाच वेळी साधायचे तर उपाय एकच. तो अवजड ऑर्गन उचलून घराबाहेर, आवारात आणला गेला. फोटो झाला. मग तो पुन्हा आत नेला गेला.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या छायाचित्राकडे थोडे थांबून पाहावे. आत्मचरित्र लिहिणारा माणूस काय सांगतो आणि काय वगळतो, याचा अभ्यास आपण नेहमी करतो. इथे एका निरक्षर नसलेल्या पण लेखकही नसलेल्या कुटुंबाने आत्मचरित्राचे एक पान लिहिले आहे. शब्दांऐवजी वस्तू वापरल्या आहेत. वगळले आहे ते घर. आणि ते वगळणेही छायाचित्रकाराच्या टिपणामुळे आपल्यापर्यंत पोहोचले आहे. लेखकाने फाडलेले पान प्रकाशकाने जपून ठेवावे तसे.

हा छायाचित्रकार म्हणजे सॉलोमन डेव्हो बुचर. जन्म १८५६ चा, व्हर्जिनियातल्या आज वेस्ट व्हर्जिनियात मोडणाऱ्या भागातला. वाढला इलिनॉयमध्ये. तरुणपणी पत्र्यावरच्या छायाचित्रांची, म्हणजे टिनटाइपची, कला शिकला. पुढे फिरता विक्रेता झाला. १८८० साली वडील आणि भावासह छपराच्या गाड्यांतून कित्येक आठवड्यांचा प्रवास करून तो नेब्रास्कात आला. वडिलांनी जमीन धरली, टिकवली. सॉलोमनने धरलेली जमीन थोड्याच दिवसांत सोडून दिली. नांगर आणि तो यांचे कधी जमले नाही. मग मिनिआपोलिसला वैद्यकीचे शिक्षण घेऊन पाहिले, तेही अर्धवट राहिले. तिथून तो परतला तो एका परिचारिकेशी लग्न करून. मग शाळा शिकवली, आणि चार पैसे साठल्यावर कस्टर काउंटीत फोटोचे दुकान काढले. मातीच्या जमिनीचे, वारा आरपार जाणारे दुकान. थोडक्यात, सासरेमंडळींनी ज्याच्याविषयी काळजी करावी असा गृहस्थ.

१८८६ मध्ये त्याच्या डोक्यात एक कल्पना आली आणि तिने त्याची झोप उडवली. आपल्या काउंटीचा सचित्र इतिहास लिहायचा. आणि तो सेनापतींचा, आमदारांचा इतिहास नव्हे. दारोदार जायचे, प्रत्येक कुटुंबाचा त्याच्या घरापुढे फोटो घ्यायचा, त्याने कुठून येऊन काय सोसले ते लिहून घ्यायचे. १८८६ ते १८९२ या काळात त्याने असे दीड हजारांच्या आसपास फोटो काढले. घोडागाडीत कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या पट्ट्या घालून तो फिरत असे. ज्यांच्याकडे जाई, तेच बहुधा जेवू घालीत, रात्री निवारा देत. ग्राहक आणि यजमान एकच, अशी ही व्यवस्था होती. तिचा परिणाम छायाचित्रांवर झालेला आहे, त्याकडे पुढे येऊ.

आधी ती जमीन. लिंकनने १८६२ साली स्वाक्षरी केलेल्या होमस्टेड कायद्यानुसार, एकवीस वर्षांवरील कोणाही नागरिकाला (किंवा नागरिकत्व घेऊ इच्छिणाऱ्याला) किंवा कुटुंबप्रमुखाला १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळू शकत असे. अट अशी, की पाच वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे, जमीन कसायची. अविवाहित स्त्रीलाही हा हक्क होता. त्या काळाच्या मानाने ही मोठीच गोष्ट. पाच वर्षांनी दोन साक्षीदार उभे करून सिद्ध करायचे, की होय, हा माणूस इथे राहिला, याने जमीन कसली. म्हणजे मालकीच्या मुळाशी शेजाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले असणे होते. ही बाब छायाचित्रांच्या संदर्भात मला फार सूचक वाटते.

‘सरकारी जमीन’ हा शब्द मात्र सहज वाचून पुढे जाता येत नाही. मध्य नेब्रास्काचा लूप नदीचा प्रदेश पॉनी लोकांचा होता. करारामागून करार करून त्यांचा प्रदेश आकसत नेला गेला, आणि १८७० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत उरल्यासुरल्या पॉनींना दक्षिणेकडच्या ‘इंडियन टेरिटरी’त, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. कस्टर काउंटी स्थापन झाली १८७७ साली. तिला नाव दिले गेले ते लिटल बिगहॉर्नच्या लढाईत आदल्याच वर्षी मूळ रहिवाशांच्या हातून मारल्या गेलेल्या जनरल कस्टरचे. बुचरच्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली कुटुंबे ज्या ‘रिकाम्या’ क्षितिजापुढे उभी आहेत, ते क्षितिज एका दशकापूर्वी रिकामे करण्यात आले होते. चित्रात हे दिसत नाही. दिसू शकत नाही. पण माहीत असल्यावर ते क्षितिज पूर्वीसारखे दिसत नाही, हे खरे.

त्या माळावर झाडे नव्हती. लाकूड नाही म्हणून घरे मातीची, आणि मातीही गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली. खास नांगराने जमिनीचा वरचा थर लांब पट्ट्यांत सोलायचा, त्याच्या लाद्या कापायच्या आणि गवताची बाजू खाली करून एकावर एक रचायच्या. सोळा बाय वीस फुटांचे एक घर बांधायला अर्धा ते एक एकर जमीन सोलावी लागे. लोक गमतीने या मातीला ‘नेब्रास्काचा संगमरवर’ म्हणत. घर उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार. हे झाले गुण. पाऊस पडला की छत गळायचे, आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ गळत राहायचे. वरून माती, किडे, प्रसंगी साप पडू नये म्हणून आतून कापड ताणून बांधीत. चुलीला लाकूड नाही, म्हणून माळावरचे वाळलेले शेण गोळा करून जाळीत. गोवऱ्यांवर स्वयंपाक करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना यात नवल वाटले नसते. ओहायो किंवा न्यूयॉर्कमधून आलेल्या सुनेला मात्र पहिल्यांदा शेणाला हात लावताना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. हिल्टनबाईंचा ऑर्गन त्या कल्पनेतच नीट समजतो.

आता, हे फोटो घराबाहेरच का? पहिले कारण साधे आहे. मातीच्या घराच्या भिंती दोन-तीन फूट जाड, खिडक्या लहान. त्या काळच्या काचेवरच्या निगेटिव्हला आतला प्रकाश पुरता ना. दुसरे कारण बुचरच्या योजनेत होते. त्याला माणूस आणि त्याचे घर एकत्र हवे होते. आपल्याकडचे जुने कौटुंबिक फोटो यासंदर्भात आठवून पाहावेत. तालुक्याच्या गावच्या स्टुडिओत रंगवलेला पडदा असे. त्यावर संगमरवरी जिना, खांब, दूरवर तळे. जे आपल्यापाशी नाही ते मागे टांगून आपण फोटो काढून घेत असू. बुचरपाशी असा पडदा ठेवण्याची सोय नव्हती आणि त्याच्या पुस्तकाला तो चाललाही नसता. पाठीमागे खरे घरच येणार. मग ज्यांना काही सिद्ध करायचे होते, त्यांनी ते पुढे आणून ठेवले.

आणि काय काय आणले! टेबल बाहेर आले, खुर्च्या आल्या, शिवणयंत्र आले, पिंजऱ्यातला पक्षी आला. घोडे, खेचरे, गाय, कुत्रा हे तर हवेतच. किंबहुना घोड्यांच्या जोडीला पुष्कळदा मुलांपेक्षा मानाची जागा मिळालेली दिसते. सिल्व्हेस्टर रॉडिंग या यादवी युद्धातून परतलेल्या सैनिकाच्या कुटुंबाचा १८८६ चा फोटो यांतला सर्वांत प्रसिद्ध. घराबाहेर टेबल मांडले आहे, त्यावर कलिंगड आहे, भोवती मंडळी बसली आहेत. घर टेकडीच्या पोटात बांधलेले, म्हणून मागच्या उतारावर उभी असलेली गाय थेट छपरावर चढल्यासारखी दिसते. अमेरिकेतल्या शालेय पुस्तकांनी हा फोटो इतका छापला आहे, की त्यातली गाय हाच आता विनोद होऊन बसला आहे. मला मात्र कलिंगडाकडे पाहावेसे वाटते. ज्या भूमीला पूर्वी नकाशांवर ‘अमेरिकेचे महावाळवंट’ म्हणत, तिथे पिकलेले, पाण्याने भरलेले फळ. पूर्वेकडे पाठवायच्या पत्रात याहून चांगले वाक्य कोणते लिहिता आले असते?

चार क्रिसमन बहिणींचा फोटोही १८८६ चाच. मातीच्या घरापुढे चौघी ओळीने उभ्या आहेत, जवळ खोगीर चढवलेले घोडे आहेत. वडील मोठे पशुपालक, पण फोटोत ते नाहीत, कोणीच पुरुष नाही. या मुलींनी वयात येतील तशा स्वतःच्या नावावर जमिनी धरल्या, आणि राहण्याची अट पुरी करण्यासाठी त्या आळीपाळीने एकमेकींकडे जाऊन राहत. सर्वांत धाकटी रूथ वयात आली तोवर आसपास धरण्याजोगी जमीनच उरली नव्हती. फोटोत ती बाकीच्यांसारखीच ताठ उभी आहे. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे, तिला नाही. छायाचित्राचे हे एक क्रौर्य आहे; कादंबरीकार निदान पात्राला आधी इशारा देऊ शकतो.

वेस्टरव्हिलजवळ १८८७ साली काढलेल्या एका फोटोत जेरी शोर्स आपल्या कुटुंबासह बसलेला आहे. शोर्स पूर्वी गुलाम होता. त्याच परिसरात मोझेस स्पीझ नावाच्या दुसऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या कुटुंबाचाही फोटो बुचरने काढला. हे दोघे सख्खे भाऊ. आडनावे वेगळी, कारण दोघांनी आपापल्या पूर्वीच्या मालकाचे आडनाव लावले. ही एक ओळ वाचून पुन्हा दोन्ही फोटो पाहावेत. मालकांनी ज्यांना निरनिराळ्या नावांची मालमत्ता केले, ते भाऊ एकाच मुलखात येऊन स्वतः जमिनीचे धनी झाले. कुटुंब एकत्र बसून, घरापुढे, आपल्या कुत्र्यांसह फोटो काढून घेणे याचा अर्थ या घरात हिल्टनांपेक्षा फार वेगळा होता. ज्यांच्या आईबापांच्या काळात कुटुंब विकून तोडता येत असे, त्यांना ‘हे आम्ही सर्व’ एवढे म्हणणेही पुरेसे होते. ऑर्गनची गरज नव्हती.

एका फोटोपाशी मी नेहमी अडखळतो. हार्वे अँड्र्यूज यांचे कुटुंब, १८८७. ते घरापुढे उभे नाहीत. ते आपल्या लहान मुलाच्या कबरीजवळ उभे आहेत. छायाचित्रकार वर्षा-दोन वर्षांतून एकदा फिरकणार; त्याच्या पुढे सगळे कुटुंब उभे करायचे तर जो नाही त्यालाही कसे वगळायचे? तेव्हा कुटुंबच त्याच्याकडे चालत गेले. बुचरच्या योजनेत ‘घर आणि माणसे’ असा साचा होता. तो या आई-बापांनी मोडला, आणि त्याने मोडू दिला. यजमान आणि ग्राहक एकच असण्याचा परिणाम म्हणालो तो हा. फोटोत काय असावे हे ठरवण्यात समोर उभ्या असलेल्यांचा हात होता. बुचरला चांगला कलावंत म्हणणे कठीण आहे. त्याच्या पुष्कळ चित्रांत माणसे फार लांब आहेत, क्षितिज तिरके आहे, जागा वाया गेली आहे. परंतु अंतर राखल्यामुळेच की काय, मांडणीचा अधिकार त्या कुटुंबांकडे राहिला. जवळ गेला असता तर तो चेहऱ्यांचा छायाचित्रकार झाला असता, आणि कलिंगड व कबर चौकटीबाहेर राहिली असती.

मुलांविषयी वेगळे लिहायला हवे. मोठी माणसे फोटोसाठी तयार असतात. सणाचे कपडे, एक हात खुर्चीवर, नजर समोर. मुलांना उन्हात उभे केलेले असते. ती डोळे बारीक करतात, हलतात, कुत्र्याकडे बघतात. काचेवर प्रकाश पडायला लागणाऱ्या क्षणात एखादे डोके धूसर होते. पुष्कळ मुले अनवाणी असतात. आईने ऑर्गन बाहेर आणला, पण मुलांच्या पायांत घालायला काही नव्हते, किंवा असले तर थंडीसाठी राखून ठेवलेले असणार. मोठ्यांनी रचलेल्या मजकुरात मुलांचे पाय ही नकळत राहून गेलेली ओळ आहे. पाठचिकित्सा करणाऱ्याला अशाच ओळींचा उपयोग होतो.

असो. बुचरला आपण साधाभोळा साक्षीदार समजू लागलो असलो तर इथे थांबले पाहिजे. हा गृहस्थ निगेटिव्हवर बिनदिक्कत सुईने रेघोट्या ओढीत असे. एफ्रेम फिंच या जुन्या वसाहतदाराचा एक फोटो आहे. १८७६ च्या टोळधाडीत आपण पीक कसे वाचवू पाहत होतो याचे प्रात्यक्षिक तो शेतात उभा राहून करून दाखवतो आहे. टोळ अर्थातच कधीच निघून गेले होते. बुचरने ते काचेवर कोरून काढले. दुसऱ्या एका फोटोत तोंडे झाकलेली माणसे एका मोठ्या रँचचे तारेचे कुंपण तोडताना दिसतात. घटना १८८५ ची, फोटो मागाहून मुद्दाम घडवून आणलेल्या नाट्याचा. आजच्या भाषेत याला खोटा पुरावा म्हणतील. बुचरच्या दृष्टीने तो इतिहास लिहीत होता. इतिहासकार जे आधीच होऊन गेले ते लिहितो, मग छायाचित्रात ते का दाखवू नये? युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. आपल्या बखरकारांनी लढाईच्या आदल्या रात्रीचे संवाद लिहिले, ते कुठे हजर होते? फरक एवढाच, की बखर वाचणारा तिला बखर म्हणून वाचतो, आणि छायाचित्र पाहणारा त्याला डोळ्यांनी पाहिलेले सत्य म्हणून. हा विश्वास बुचरने वापरला, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र कुटुंबांच्या फोटोंत आणि या टोळांच्या फोटोत एक भेद राहतो. टोळ छायाचित्रकाराने घातले. ऑर्गन घरच्यांनी आणला.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे पन्नास वर्षांनंतरच्या एका फोटोशी ताडून पाहिले की कळते. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातले निपोमो. वाटाण्याचे पीक थंडीने गेलेले, मजुरांचा तळ उघड्यावर. डोरोथिआ लँग ही सरकारी कामावर असलेली छायाचित्रकार तिथे एका आईचे आणि तिच्या मुलांचे काही फोटो घेते. त्यांतला एक ‘मायग्रंट मदर’ म्हणून जगप्रसिद्ध झाला. पाहणाऱ्यांपैकी सर्वांना तो ठाऊक असतो, म्हणून वर्णन करीत नाही. इथेही कुटुंब आहे, मुले आहेत, उघडे आभाळ आहे. पण लँगने त्या स्त्रीचे नाव विचारले नाही. तिने स्वतःच पुढे तसे लिहिले. नाव जगाला कळले १९७८ मध्ये: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ती चेरोकी वंशाची, आणि जन्मलेली इंडियन टेरिटरीत. पॉनींना ज्या मुलखात धाडले गेले त्याच. आपला फोटो असा सर्वत्र वापरला गेला आणि आपल्याला त्यातून काही मिळाले नाही, याची खंत तिने बोलून दाखवली. लँगचा फोटो बुचरच्या कोणत्याही फोटोपेक्षा श्रेष्ठ आहे, याविषयी दुमत नसावे. त्याने सरकार हलले, तळावर अन्न पोहोचले. तरीही त्या चौकटीत फ्लॉरेन्सने स्वतः ठेवलेली एकही वस्तू नाही. मुलांचे चेहरेसुद्धा पाठमोरे आहेत. (जाता जाता: त्या निगेटिव्हवरही कोपऱ्यातला एक अंगठा लँगने मागाहून पुसून टाकवला. टोळ कोरणारा आणि अंगठा पुसणारी यांच्यात वाटते तेवढे अंतर नाही.) एका बाजूला स्वतःविषयी सांगणारे गरीब कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्याविषयी सांगितले जाते ते गरीब कुटुंब. साहित्यात आपण हा वाद दलित आत्मकथनांच्या निमित्ताने पुरेसा ऐकला आहे: वेदना कोणाची आणि निवेदन कोणाचे? छायाचित्रांच्या बाबतीत तो आपल्याकडे फारसा झालेला नाही.

अर्थात स्वतः सांगितलेले तेवढे सगळे खरे, असे मानायचे कारण नाही. बुचरच्या चित्रांत न आलेले नेब्रास्का वाचायचे असेल तर विला कॅथरकडे जावे लागते. ती १८८३ साली, नऊ वर्षांची असताना, व्हर्जिनियातून नेब्रास्कात आली. राहिली ती राज्याच्या दक्षिणेकडच्या रेड क्लाउड या गावाच्या परिसरात. ‘ओ पायोनियर्स!’ (१९१३) आणि ‘माय अँटोनिआ’ (१९१८) या तिच्या कादंबऱ्यांत तोच माळ, तीच टेकडीत कोरलेली घरे आहेत. पण ‘माय अँटोनिआ’त बोहेमियाहून आलेला बाप पहिल्याच हिवाळ्यात आत्महत्या करतो. तो व्हायोलिन वाजवणारा माणूस होता, आणि इथे आल्यावर त्याने ते हातात घेणे सोडले होते. हिल्टनांचा ऑर्गन आणि शिमर्डांचे मुके व्हायोलिन शेजारी ठेवून वाचावीत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सुचवत असतो. एक वाद्य अभिमानाने बाहेर आले, दुसरे घरात राहिले. आणि फोटोसाठी बाहेर आलेला ऑर्गनही आत नेल्यावर किती वाजत होता, हे काच सांगत नाही.

बुचरचे पुढे काय झाले ते थोडक्यात. १८९० नंतर अवर्षण आणि मंदी आली, माणसे जमिनी सोडून परत जाऊ लागली, फोटोला पैसे देणारे उरले नाहीत. १८९९ मध्ये त्याचे घर जळाले. लिहून घेतलेल्या हकिकती आणि छापील प्रती गेल्या. काचेच्या निगेटिव्ह धान्याच्या कोठारात होत्या म्हणून वाचल्या. त्याने हकिकती पुन्हा गोळा केल्या. ज्याच्यासाठी टोळ कोरले होते त्या फिंचनेच पैसे पुढे केले, आणि १९०१ साली कस्टर काउंटीचा इतिहास छापून निघाला. नंतर तो संग्रह, तीन हजारांहून अधिक काचा, राज्याच्या इतिहास संस्थेने विकत घेतला. ठरल्यापेक्षा कमी, ६०० डॉलर हाती आले. उरलेल्या आयुष्यात त्याने पेटंट औषध विकून पाहिले, तेल शोधण्याचे यंत्र काढून पाहिले. १९२७ साली कोलोरॅडोत तो वारला, आपण काहीच साधले नाही अशा समजुतीत.

काचांचे मात्र अजून काही सांगून झालेले नव्हते. विसावे शतक संपता संपता त्या संस्थेने निगेटिव्हच्या अतिसूक्ष्म डिजिटल प्रती तयार केल्या. मातीच्या घरांची दारे या फोटोंत पुष्कळदा उघडी आहेत आणि कागदावरच्या प्रतीत ती निव्वळ काळी दिसतात: बाहेर लख्ख ऊन, आत अंधार. पण काचेने कागदापेक्षा जास्त टिपले होते. संगणकावर तो काळा भाग उजळून पाहिला तेव्हा काही दारांच्या आत सामानसुमान दिसू लागले. भिंती, फर्निचर, मांडणी. बाहेर आणण्यासारखे ज्यांना वाटले नाही ते सगळे तिथेच, आपापल्या जागी होते.